पगार द्यावा, वतन देऊं नये

(जोतीराव फुले यांच्या पुण्यतिथीच्या दिवशीं एका खेड्यांत शाळामास्तरांनीं केलेलें भाषण)



दरवर्षीं या दिवशीं आम्हांस जोतीरावांचें चरित्र सांगावयास उभें करतात आणि तें आम्ही सांगतों. यंदा तुमच्या परवानगीनें निराळा विषय घेतों. गेल्या ग्रामसभेंत एक ठराव आला आणि अंधार पडला म्हणून तो तसाच राहिला. आमच्या सुतार बंधूंनीं तो मांडला होता. त्याचा मतलब असा कीं, आमदार-खासदारांस पगार नको, भत्ता नको, पेन्शन नको. ज्यास लोकसेवेची हौस असेल त्यानें ती पदरचें खाऊन करावी. ठराव वाचून होतांच टाळ्या अशा कडाडल्या कीं वडावरचे बगळे उडाले. त्या ठरावास आम्हीं पाठिंबा द्यावा असें पुष्कळांनीं आम्हांस सुचविलें. तो आमच्यानें देववत नाहीं, हें आरंभींच सांगून टाकतों. मागाहून कोणास फसविल्यासारखें वाटूं नये. आम्ही कोणत्याही पक्षाची वकिली करीत नाहीं, आणि शाळामास्तरास ती करतांही येत नाहीं.

तुमचा राग खोटा आहे असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. २०१६ सालची गोष्ट आठवा. त्या वर्षीं एप्रिलांत लातूरला मिरजेहून आगगाडीनें पाणी न्यावें लागलें. हंडे-कळशा घेऊन मायबहिणी रात्र रात्र रांगेंत उभ्या होत्या. त्याच वर्षीं ऑगस्टांत, पावसाळी अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशीं, आपल्या विधिमंडळांत आमदारांच्या पगारवाढीचें बिल आलें आणि दोन्ही सभागृहांत चर्चेवांचून मंजूर झालें. आमदाराचें वेतन राज्याच्या प्रधान सचिवाच्या वेतनाशीं जोडलें गेलें. माजी आमदाराचें पेन्शन ४० हजारांवरून ५० हजारांवर गेलें. कांद्याच्या भावावर आणि कर्जाच्या माफीवर जे एकमेकांचा शब्द खालीं पडूं देत नाहींत, ते या एका पंगतींत मांडीला मांडी लावून बसले.

दिल्लीची तऱ्हाही अशीच. १९५४ च्या कायद्यानें खासदारास दरमहा ४०० रुपये ठरले होते. २०१० मध्यें १६ हजारांचे एकदम ५० हजार झाले. त्या वेळीं सभासदांच्या समितीनें मागितले होते ८०,००१. हा वरचा एक रुपया कशाला, असें तुम्ही विचाराल. सरकारच्या सचिवास ८० हजार होते म्हणून त्याच्याहून एक रुपया अधिक! मानाची किंमत एक रुपया असते हें आम्हांस तेव्हां कळलें. पुढें २०१८ त एक लाख झाले, आणि मार्च २०२५ मध्यें १,२४,००० जाहीर झाले, तेही १ एप्रिल २०२३ पासून. मागल्या तारखेपासून रोजगार वाढवून मिळालेला शेतमजूर या पंचक्रोशींत कोणी पाहिला असेल तर त्यानें हात वर करावा.

तेव्हां राग खरा आहे. पण रागाचा हिशेब नीट मांडला पाहिजे, नाहीं तर उत्तर चुकतें. आम्ही मास्तर, आम्हांस खडू हातांत घेतल्यावांचून राहवत नाहीं. विधानसभेचे २८८ आणि विधानपरिषदेचे ७८ मिळून ३६६ सभासद होतात. प्रत्येकास सगळें मिळून दरमहा तीन लाख द्यावे लागतात असें सोयीसाठीं धरून चाला. वर्षाचे झाले सुमारें १३२ कोटी. रक्कम ऐकून छाती दडपते. परंतु राज्याचें २०२५-२६ सालचें अंदाजपत्रक सात लाख कोटींच्या वरचें होतें. म्हणजे सरकारच्या खर्चाच्या पांच हजार रुपयांत आमदारांचा पगार हा एक रुपया. तो एक रुपया वांचविला म्हणून तुमच्या विहिरीची मोटर बसणार नाहीं कीं शाळेचें छप्पर गळावयाचें थांबणार नाहीं. उरलेले ४,९९९ रुपये कोठें जातात हें पाहाण्यासाठीं तर तो मनुष्य आपण तेथें पाठविला आहे. राखणदाराची भाकर बंद करून रान राखलें जात नाहीं.

आतां कोणी म्हणेल, सेवा म्हणून फुकट करणारे कांहीं मिळणार नाहींत काय? मिळतील, हवे तितके मिळतील. आणि आमची भीति नेमकी तीच आहे. ज्याचे चार पेट्रोलपंप आहेत, दोन साखर कारखान्यांत भागभांडवल आहे, शहरांत इमले आहेत, त्याला पगार नसल्यानें काय अडतें? तो आनंदानें फुकट येईल, वर गळ्यांत हार घालून घेईल. अडतें तें तुमचें-आमचें. ज्याचें पोट हातावर आहे त्यास, 'ये बाबा, पांच वर्षें मुंबईस राहा, रोज सभेला बस, आणि घरच्यांस उपाशी ठेव' असें सांगणें म्हणजे 'येऊं नकोस' असें सांगणें. दार बंद करावयाचें, पण वर पाटी मात्र सेवेची लावावयाची.

जोतीराव स्वतः १८७६ ते १८८२ पर्यंत पुण्याच्या म्युनिसिपालिटीचे सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास येणार म्हणून शहर नटविण्यासाठीं १,००० रुपये खर्चावे असें ठरलें, तेव्हां हा पैसा गरिबांच्या शिक्षणाकडे लावा म्हणून एकट्या जोतीरावांनीं विरुद्ध मत दिलें. हें तुम्ही दरवर्षीं ऐकतां. पण एक गोष्ट आम्ही आजवर तुम्हांस सांगितली नाहीं, कारण ती आमच्याच ध्यानांत उशिरां आली. जोतीरावांचा बांधकामाच्या ठेक्यांचा व्यवसाय होता. खडकवासल्याच्या धरणास त्यांनीं दगड पुरविला. चूल पेटती होती म्हणून ते दिवसाउजेडीं सभेंत बसूं शकले. त्या धरणावर दगड फोडणारा मजूर म्युनिसिपालिटीच्या सभेंत कोठें होता? त्याला बुद्धि नव्हती असें थोडेंच आहे! त्याला दिवस मोकळा नव्हता.

हें भांडण आपल्याच देशांत उपजलें असें नाहीं. कायदे करणाऱ्यास पगार असावा ही मागणी मुळांत कोणी केली, हें आमच्या सुतार बंधूंनीं ऐकावें, कारण त्यांत त्यांच्याच कसबाचीं माणसें होतीं. इंग्लंडांत १८३८ सालीं कारागीर आणि मजूर यांनीं मिळून सहा मागण्यांची सनद काढली. प्रत्येक प्रौढ पुरुषास मत, गुप्त मतदान, सारखे मतदारसंघ, दरवर्षीं निवडणूक, सभासदास मालमत्तेची अट नको, आणि सहावी मागणी सभासदांस पगार. त्या काळीं पार्लमेंटांत बसावयाचें तर परगण्याच्या सभासदास वर्षास ६०० पौंडांचें आणि शहराच्या सभासदास ३०० पौंडांचें उत्पन्न लागावें असा १७१० सालापासूनचा कायदा होता. म्हणजे ज्याच्या नांवावर इस्टेट त्याच्या तोंडीं कायदा. लोकांनीं लाखों सह्यांचे अर्ज केले. १८३९, १८४२, १८४८, तिन्ही वेळां पार्लमेंटनें झिडकारले. मालमत्तेची अट १८५८ त गेली. पगार मात्र कांहीं केल्या मिळेना.

मग मजुरांनीं काय केलें? १८७४ मध्यें दोन खाणकामगार पार्लमेंटांत निवडून आले, टॉमस बर्ट आणि अलेक्झांडर मॅक्डोनल्ड. बर्ट यांचा खर्च त्यांच्या जिल्ह्यांतील खाणमजुरांच्या संघानें उचलला. जमिनीच्या पोटांत काळवंडलेले लोक आपल्या मजुरींतला पैसा बाजूला काढीत, आणि आपला एक मनुष्य वर उजेडांत बोलावयास पाठवीत. पुढें पुष्कळ संघांनीं हाच कित्ता गिरवला. पण ही वाटही १९०९ सालीं बंद झाली. ऑस्बोर्न नांवाच्या रेल्वे कामगारानें आपल्याच संघाविरुद्ध दावा लावला, आणि वरिष्ठ न्यायाधीशांनीं निकाल दिला कीं कामगार संघांस पार्लमेंटच्या सभासदांसाठीं असा पैसा खर्चतां येणार नाहीं. मजूर पक्षाच्या सभासदांपुढें प्रश्न पडला कीं खावें काय. तेव्हां कोठें १९११ सालच्या ऑगस्टांत सभासदांस वर्षाला ४०० पौंड देण्याचें ठरलें. सनद काढल्यापासून ७३ वर्षें गेलीं. ज्यांनीं ती काढली त्यांतले बहुतेक मातींत गेले होते. त्या वेळीं या पगारास विरोध करणारे काय म्हणत असत ठाऊक आहे? सेवेचा धंदा होईल, थोर माणसें येईनाशीं होतील, पोटभरू लोक शिरतील! सुतार बंधूंनीं रागावूं नये, पण त्यांच्या ठरावाची भाषा जमीनदारांनीं शंभर वर्षांपूर्वीं वापरून जुनी केली आहे.

आपल्या मुंबई इलाख्यांतही हा प्रश्न निघाला होता. १९३१ सालीं कराचीच्या काँग्रेसनें ठराव केला कीं सरकारी अधिकाऱ्यास साधारणतः ५०० रुपयांवर पगार असूं नये. १९३७ त काँग्रेसचें मंत्रिमंडळ आलें तेव्हां मंत्र्यांनीं ५०० रुपये घेण्याचें ठरविलें. त्या काळीं ५०० म्हणजे आपल्या आजोबांना स्वप्नांतही न दिसणारी रक्कम. तरीही साहेबांच्या काळच्या मंत्र्यांच्या मानानें ती फार थोडी, म्हणून देशभर वाहवा झाली. ऑगस्ट १९३७ मध्यें हें बिल मुंबईच्या असेंब्लींत आलें, आणि त्याविरुद्ध कोण उभें राहिलें? स्वतंत्र मजूर पक्षाचे पुढारी डॉ. बाबासाहेब आंबेडकर. गरिबांत गरीब लोकांचा प्रतिनिधि, आणि तो म्हणतो मंत्र्यांचा पगार असा ठरवूं नका! त्यांचें म्हणणें असें कीं पगार ठरवितांना समाजांतील राहणीचें मान, कामाची लायकी, लोकशाही, आणि कारभाराचा स्वच्छपणा या चार गोष्टी पाहिल्या पाहिजेत. यांतील लोकशाहीच्या मुद्द्याचा अर्थ आम्ही आमच्या अल्पबुद्धीनें असा लावतों कीं, त्यागाचें माप ठरविणाऱ्याच्या घरीं आधीं कांहीं तरी असावें लागतें. ज्याच्या घरीं कांहींच नाहीं त्यानें टाकावें काय?

येथें कोणी तरी सांगोल्याच्या गणपतराव देशमुखांचें नांव घेणार, हें आम्हांस माहीत आहे. शेतकरी कामगार पक्षाचा हा मनुष्य अकरा वेळां आमदार झाला आणि एस. टी. नें फिरला. २०२१ मध्यें ते गेले तेव्हां आम्हीं शाळेंत मुलांस त्यांची गोष्ट सांगितली. पण गणपतराव एका मतदारसंघास लाभले; कायदा २८८ मतदारसंघांसाठीं करावा लागतो. आणि तेही शिकलेले वकील होते, ही गोष्ट विसरूं नये. साधूंच्या भरंवशावर गांवाचा पाणीपुरवठा चालत नाहीं, कायदेमंडळ कसें चालावें?

एवढें बोलून आम्ही खालीं बसलों तर आमदार मंडळी आम्हांस शाल-नारळ देतील. म्हणून आतां दुसरी बाजू.

पूर्वीं गांवांत बलुतें होतें. लोहार, सुतार, कुंभार, चांभार, महार, न्हावी, परीट वर्षभर गांवाचें काम करीत आणि खळ्यावर रास पडली कीं आपला वाटा नेत. ती पद्धत आम्हांस परत नको आहे. त्यांत अपमान होता, आणि ज्याचें काम सर्वांत जड त्याच्या पदरीं राशीचा तळ येई. पण तिच्यांत एक गोष्ट होती. बलुतेदारानें सूप हातांत घेऊन आपणच रास मोजून घेतली, असें कधीं झालें नाहीं. घालणारा कुणबी, घेणारा बलुतेदार, पाहाणारा गांव. कमी-जास्त झालें तर भांडण होई, पण तें चारचौघांत होई. आमच्या संविधानानें ही खबरदारी घेतली नाहीं. १०६ व्या आणि १९५ व्या कलमांत लिहिलें आहे कीं सभासदांचा पगार संसदेनें आणि विधिमंडळानें कायदा करून ठरवावा. म्हणजे सूपही त्यांच्याच हातीं आणि रासही त्यांच्यापुढें. २०१६ त आपणांस बोचलें तें हेंच. तुम्हीं पाहिलें कीं घेणारा आणि मोजणारा एक झाला, आणि मोजतांना त्यानें दिवा मालवला.

याला इलाज नाहीं असें नाहीं. इंग्लंडांत २००९ सालीं सभासदांनीं खर्चाच्या नांवाखालीं कायकाय उकळलें तें वर्तमानपत्रांनीं चव्हाट्यावर मांडलें. मोठा गहजब झाला. त्याच वर्षीं कायदा होऊन एक स्वतंत्र मंडळ नेमण्यांत आलें, आणि पुढें पगार ठरविण्याचें कामही त्या मंडळाकडे गेलें. सभासदांनीं आपल्या पगारास हात लावावयाचा नाहीं. अमेरिकेची गोष्ट तर आम्हां मास्तरांच्या कानाला खडा आहे. तेथें १७८९ सालीं एक घटनादुरुस्ती सुचविली गेली कीं, सभासदांनीं पगार बदलला तर तो मधली निवडणूक होऊन गेल्यावरच लागू व्हावा. पुरेशा राज्यांनीं संमति दिली नाहीं आणि ती तशीच धूळ खात पडली. १९८२ मध्यें टेक्सास विद्यापीठांतील वॉटसन नांवाच्या विद्यार्थ्यानें तिच्यावर निबंध लिहिला, कीं ही दुरुस्ती अजून मेलेली नाहीं, अजून मंजूर होऊं शकते. परीक्षकांनीं त्यास तिसऱ्या प्रतीचे गुण दिले. पोरगा चिडला आणि एकेका राज्याच्या कायदेमंडळास पत्रें लिहीत सुटला. दहा वर्षांनीं, १९९२ मध्यें, ती दुरुस्ती घटनेंत बसली. सुचविल्यापासून २०२ वर्षांनीं. पुढें २०१७ त त्या विद्यापीठानें त्याचे गुणही वाढवून दिले म्हणतात. ही हकीकत वाचल्यापासून निबंध तपासतांना आमचा हात जरा बिचकतो.

दिल्लीनें २०१८ त अर्धी सुधारणा केली. खासदारांचा पगार दर पांच वर्षांनीं महागाईच्या आंकड्यानुसार आपोआप वाढावा असें ठरविलें. दर वेळीं बिल आणून लाज घालविण्यापेक्षां हें बरें. परंतु आपोआप वाढणारी वस्तु रयतेच्या पदरीं कोणती आहे? कांद्याचा भाव आपोआप वाढतो काय? आपोआप वाढतें तें व्याज. तेव्हां मोजणारा तिऱ्हाईत हवा, एवढें आमचें म्हणणें कायम राहतें.

आणि दुसरी गोष्ट पेन्शनची. येथें आमचा स्वतःचा स्वार्थ आहे, तो लपवीत नाहीं. १ नोव्हेंबर २००५ नंतर जे सरकारी आणि शाळेच्या नोकरींत लागले त्यांचें जुनें पेन्शन राज्यानें बंद केलें, आम्ही त्यांतले. त्यासाठीं मार्च २०२३ मध्यें आम्ही संपावर गेलों आणि आठवडाभर तुमचीं मुलें घरीं राहिलीं. परीक्षेच्या तोंडावर तें झालें. तुम्ही आम्हांस बोल लावलात, तो आम्हीं मुकाट्यानें ऐकला. म्हणून आमचें बोलणें वाटल्यास थोडें वजा करून घ्या. पण हिशेब असा आहे. २०१६ च्या वाढीनंतर एकदां निवडून आलेल्या आमदारास ५० हजारांचें पेन्शन, आणि पांच वर्षांपुढील प्रत्येक वर्षास दोन हजारांची भर. खासदारास तर २००४ पासून अमुक वर्षें बसलेंच पाहिजे अशीही अट उरली नाहीं. आमदार होता, मग खासदार झाला, तर दोन्हीकडचें. पगार हा कामाचा असतो. काम संपल्यावरही जें चालूं राहतें, आणि जितक्या वेळां गादीवर बसला तितकें वाढतें, त्यास आपल्या भाषेंत जुना शब्द आहे: वतन.

वतन काय असतें हें या गांवास कोणीं शिकवावयास नको. लेखणी एका घरांत, आणि पिढ्यान् पिढ्या रयतेनें त्या घरापुढें हात जोडून उभें राहावयाचें. शाहू छत्रपतींनीं १९१८ मध्यें करवीर राज्यांत काय केलें तें आठवा. त्यांनीं कुलकर्णी वतनें मोडलीं. आणि त्यांच्या जागीं फुकट सेवा करणारे नेमले काय? नाहीं. पगारी तलाठी नेमले. त्यामुळें ज्याच्या बापजाद्यांनीं कधीं दप्तरास हात लावला नव्हता, अशा कुणब्याच्या, धनगराच्या मुलासही ती जागा मिळण्याची वाट झाली. वतन मोडलें तें पगार देऊन. दोन्ही गोष्टी एकाच हातानें झाल्या, म्हणून त्या टिकल्या. पंजाबांत २०२२ सालीं कायदा झाला कीं माजी आमदारास, तो कितीही वेळां निवडून आलेला असो, पेन्शन एकच मिळेल. पंजाबला जें जमलें तें महाराष्ट्रास न जमण्यासारखें कांहीं दिसत नाहीं.

आतां एक शंका राहते, आणि ती आमच्याच मनांत आहे. चांगला पगार दिला म्हणून गरिबाचा पोर आमदार होतो काय? होत नाहीं. २०२४ च्या लोकसभेंत जे ५४३ निवडून आले त्यांपैकीं ५०४ जणांनीं स्वतःच आपली मालमत्ता कोटीच्या वर लिहून दिली. २००९ त असे ३१५ होते. मधल्या काळांत पगार वाढला आणि कोट्यधीशही वाढले. तेव्हां पगाराच्या दारापुढें आणखी एक मोठें दार आहे, आणि त्यास कुलूप निवडणुकीच्या खर्चाचें आहे. विधानसभेच्या उमेदवारास कायद्यानें २०२२ पासून ४० लाखांपर्यंत खर्च करण्याची मुभा मिळाली. ४० लाख भागिले ६० महिने, म्हणजे महिन्यास ६६ हजारांवर. ही झाली कागदावरची मर्यादा. कागदाबाहेर काय होतें तें निवडणुकीच्या आदल्या रात्रीं या आळींत कोण कोण फिरलें त्यांस विचारा. आणि घेणारे हातही याच आळींतले होते, हें आम्हांस आज कडू लागलें तरी बोललें पाहिजे. मताचे हजार रुपये घेऊन मग आमदार पगार कां घेतो म्हणून ठराव करणें, यांत आपली शोभा होत नाहीं.

आमदारांचें पुरे झालें. आपल्या ओट्यावरचें बोलूं या.

शेजारच्या गांवच्या सरपंचबाई आज येथें आल्या आहेत. त्यांची परवानगी घेऊन सांगतों. महाराष्ट्रांत २०११ पासून ग्रामपंचायतींच्या निम्म्या जागा बायांसाठीं राखून ठेवल्या गेल्या, तेव्हां त्यांच्यासारखीला हें पद मिळालें. घरीं जमीन नाहीं, दुसऱ्याच्या रानांत रोजानें जातात. गांवची लोकसंख्या दोन हजारांच्या आंतली. सप्टेंबर २०२४ मध्यें राज्य सरकारनें सरपंचांचें मानधन दुप्पट केलें; तेव्हां अशा गांवच्या सरपंचाचे तीन हजारांचे सहा हजार झाले. मोठ्या गांवास आठ, त्याहून मोठ्यास दहा. दुप्पट म्हटलें कीं मोठें वाटतें. परंतु रोजगार हमीच्या कामाचा आपल्या राज्याचा दर एप्रिल २०२५ मध्यें दिवसाला ३१२ रुपये ठरला होता. सहा हजार म्हणजे त्या दरानें एकोणीस दिवसांची मजुरी. आणि बाईंचे दिवस कसे जातात? सोमवारीं तालुक्यास, मंगळवारीं ग्रामसेवक येणार म्हणून घरीं, बुधवारीं पाइप फुटला, गुरुवारीं घरकुलाचे कागद, शुक्रवारीं पुन्हां तालुक्यास कारण साहेब सोमवारीं नव्हते. जाण्यायेण्याचें भाडें पदरचें. दारीं आलेल्या माणसास चहा पदरचा. आम्हीं त्यांस विचारलें, बाई, पुन्हां उभ्या राहाल काय? त्या म्हणाल्या, "मास्तर, गांवाचं बरं झालं, पण माझी दोन वर्षांची कांद्याची मजुरी गेली. पोरीचं कॉलेज त्यांत राहिलं." त्यांच्यानंतर त्या जागीं कोण बसेल हें तुम्हीच ताडा. ज्याच्या बायकोला रानांत जावें लागत नाहीं तो तिला उभी करील आणि कारभार आपण पाहील.

ज्या ठरावावर टाळ्या पडल्या तो या बाईंस लावून पाहा. पदरचें खाऊन सेवा करा. पदरांत काय आहे?

तेव्हां आमची सुतार बंधूंस विनंति आहे कीं त्यांनीं ठराव मागें न घेतां तो तासून घ्यावा. तासण्याचें काम त्यांच्याइतकें चांगलें येथें कोणास येतें? आम्हीं एका कागदावर मजकूर लिहून आणला आहे. सभासदांस पगार असावा, आणि तो घर चालावें इतका असावा, हें आधीं मान्य करावें. मग मागावें कीं तो ठरविण्यासाठीं सभागृहाबाहेरची माणसें नेमावीं, वाढ झाली तर ती पुढील निवडणुकीनंतर लागू व्हावी, आणि बिल आलें तर त्यावर उघड चर्चा होऊन कोणीं कोणतें मत दिलें तें नांवानिशीं छापावें. पेन्शन एकच असावें. आणि सरपंचाचें मानधन व पंचांचा बैठक भत्ता यांचा दर निदान बुडालेल्या रोजाइतका धरावा, तो वेळेवर द्यावा, तालुक्याच्या फेऱ्यांचें भाडें निराळें द्यावें. हें शेवटचें कलम आम्हीं सर्वांत वर लिहिलें आहे. ठराव आमदारसाहेबांकडे जाईल, तेव्हां त्यांची नजर आधीं त्यावर पडूं द्या.

कागद अध्यक्षांच्या हातीं दिला आहे. सरपंचबाईंस उद्यां सकाळीं सातला कांदा काढणीस जावयाचें आहे आणि शेवटची गाडी नऊची आहे, म्हणून भजनाच्या आधीं ठराव घ्यावा आणि त्यांनीं दोन शब्द बोलावे, अशी विनंति करून आम्ही आपली रजा घेतों.